किती जणींना काम? आणि कसलं काम?

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वर्षातून चार-सहा वेळा तरी एक बातमी हमखास असते. अमुक इतक्या कोटींची गुंतवणूक, तमुक इतके हजार रोजगार. वाचून बरं वाटतं. घरात पदवी घेऊन बसलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर जरा जास्तच बरं वाटतं. पण त्या बातमीत एक गोष्ट सहसा नसते. हा रोजगार कसला? किती तासांचा? पैसे कितव्या तारखेला हातात पडणार? बाळंतपणाला गेलेल्या बाईला परत आल्यावर तिची जागा मिळणार का? आकडा मोठ्या अक्षरात आणि बाकी सारं गुलदस्त्यात!

वर्धा शहराला अगदी लागून आमचं बोरगाव मेघे. धड खेडं नाही, धड शहर नाही. सकाळी सात ते साडेनऊ या वेळात इथल्या रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहा. डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या बाया ऑटोत दाटीवाटीने बसून निंदणाला, कापूस वेचायला निघालेल्या असतात. कोणी ठेकेदारामार्फत साफसफाईच्या कामाला जाते, कोणी कापडाच्या दुकानात. कोणी शाळेत खिचडी शिजवायला, कोणी चार घरची धुणीभांडी करायला. अंगणवाडीची मदतनीस किल्ल्यांचा जुडगा घेऊन झपाझप चाललेली असते. एखादी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत स्कूटीवरून भुर्रकन निघून जाते. शिरगणतीवाल्यांच्या कागदावर या सगळ्या सारख्याच, ‘रोजगारात असलेल्या’. प्रत्येकीच्या नावापुढे एकच रेघ. पण नर्सबाईची रेघ आणि कापूस वेचणारीची रेघ एकाच जाडीची असते का हो?

देशाची अर्थव्यवस्था सुधारायची तर जास्तीत जास्त लोकांना काम मिळणं महत्त्वाचं, की जे काम मिळतं ते चांगलं असणं महत्त्वाचं? हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा म्हणून आपण सोडून देतो. पण त्याचं उत्तर सगळ्यात आधी आपल्याच घरात, आपल्याच पदराला लागतं. म्हणून आज त्यावर थोडं बोलूया.

दोघींचंही बरोबर

बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. साठीकडे झुकलेल्या, आयुष्यभर मजुरी केलेल्या मावशी म्हणतात, ‘‘काम भेटून राह्यलं हेच लय झालं बाई. रिकाम्या हातापेक्षा पन्नास रुपये बरे. चूल काय दर्जा पाहून पेटते का?’’ आणि बी. ए. झालेली एखादी तरुण सून म्हणते, ‘‘मावशी, दहा तास उभं राहून महिन्याच्या शेवटी काहीच उरणार नसेल तर मी घरीच काय वाईट?’’

सुनेचा हिशोब मांडून पाहू. समजा, दुकानात महिना ७,००० रुपये ठरले. जाण्यायेण्याचे ऑटोचे रोज ४० रुपये, म्हणजे २६ दिवसांचे १,०४०. लेकरू शेजारणीकडे ठेवायचं तर तिला हजार. महिन्यात दोन खाडे तर होतातच, लेकराला ताप येतो, पाहुणे येतात. त्याचे ५४० कापले. हातात राहिले ४,४२० रुपये. २४ दिवस, रोज दहा तास, म्हणजे २४० तास. तासाला साधारण १८ रुपये पडले. सून आळशी नाही, तिला गणित येतं इतकंच.

आणि मावशींचंही चूक नाही. ज्यांनी चूल विझलेली पाहिली आहे त्यांना कामाची निवड करण्याची चैन परवडत नाही. प्रश्न असा की मावशींची गरज आणि सुनेचा हिशोब, दोन्ही एकाच वेळी भागवता येतात का? आपल्या वर्ध्यातच या प्रश्नाचा एकदा अगदी खोलवर विचार झाला होता. त्याला नव्वद वर्षं झाली.

एका आण्याचा वाद

गांधीजींनी चरखा घरोघर पोचवला तो मुळात संख्येसाठीच. शेतीची कामं संपली की खेड्यातल्या लाखो बाया चार-सहा महिने रिकाम्या. त्यांच्या हाताला घरबसल्या काम मिळावं, ही कल्पना. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. गावोगावच्या कातणाऱ्या बायांकडून सूत घ्यायचं, खादी विणून विकायची. पण दिवसभर कातून बाईच्या हातात पडायचा जेमतेम आणा-दोन आणे. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ असंच सगळे म्हणत. आमच्या मावशी म्हणतात तसंच.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत पडलं. जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री. १९३५ साली गांधीजींचा मुक्काम मगनवाडीतच होता. याच काळात त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. गिरणीमालकाने मजुराला कमी पैसे दिले तर आपण त्याला शोषण म्हणतो. मग आपण कातणाऱ्या बाईला आणा देतो, त्याला काय म्हणायचं? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असं त्यांनी मांडलं.

खादीचे कार्यकर्ते हादरले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मजुरी वाढली की खादी महागणार. महागली की खप घटणार. खप घटला की हजारो बायांचं आहे ते कामही जाणार. जास्त जणींना थोडं द्यायचं की थोड्या जणींना पोटभर द्यायचं? संख्या की दर्जा? तोच प्रश्न.

ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाच्या मंडळाची बैठक वर्ध्यात झाली आणि ठराव झाला. सध्याची मजुरी अपुरी आहे, ती वाढवायची. किती? तर आठ तासांच्या चांगल्या कामातून कातणाऱ्याला शास्त्रीय पद्धतीने ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला २० वार कापड मिळू शकेल इतकी. आधी बाईच्या ताटात काय पडलं पाहिजे ते ठरवलं आणि त्यावरून मजुरी काढली! आपण नेहमी उलट करतो. बाजारात बाई कितीला मिळते ते पाहतो आणि तिच्या ताटाचं तिच्यावर सोडतो.

आठ आणे काही लगेच मिळाले नाहीत. सुरुवात तीन आण्यांच्या पायरीने झाली. पण नुसती मजुरी वाढवून चालणार नव्हतं, म्हणून पिंजण कसं सुधारेल, चरखा कसा हलका फिरेल, तेवढ्याच तासांत जास्त आणि चांगलं सूत कसं निघेल, याकडे लक्ष दिलं गेलं. वर्ध्याशेजारच्या नालवाडीत विनोबांनी तर स्वतः दिवसभर कातून त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, याचा प्रयोग केला. दुसऱ्याची मजुरी ठरवण्याआधी ती आपण जगून पाहायची, ही रीत आज कोणत्या समितीत आहे?

वर्ध्याच्या या गोष्टीतून एक धडा निघतो. कामाचा दर्जा वाढवायला पैसा लागतो आणि तो कोणाला तरी मोजावा लागतो. १९३५ साली खादी घेणाऱ्याला सांगण्यात आलं की तू जरा जास्त मोज. म्हणजे भार ग्राहकाने उचलायचा होता. ग्राहकाने नाही उचलला, मालकाने नाही उचलला, सरकारने नाही उचलला, तर तो भार कुठे जातो? तो कातणारीच्या पोटावर बसतो.

दुष्काळाची शिकवण

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. १९७२ चा दुष्काळ आपल्या सासू-आयांच्या तोंडून आपण ऐकला आहे. लाल मिलो, सुकडी, आणि खडी फोडायला जाणारी माणसंच माणसं. १९७३ च्या उन्हाळ्यात तर राज्यभरात रोज ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. तेव्हा कामाचा दर्जा काय, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. जीव वाचवणं महत्त्वाचं होतं आणि त्या कामांनी जीव वाचवले. मावशी म्हणतात ते अशा वेळी शंभर टक्के खरं असतं.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात महाराष्ट्रभर पोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. यासाठी शहरातल्या नोकरदारांवर, व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसवला. आजही पगारपत्रकात तो कापलेला दिसतो. म्हणजे इथे भार उचलला शहरातल्या पगारदाराने. आणि कामाच्या मापावर मजुरी असल्यामुळे बाई आणि पुरुष यांच्या दरात फरक नव्हता. शेतावर बाईची रोजी पुरुषापेक्षा कमी असण्याची सवय झालेल्या आपल्या बायांना ही मोठी गोष्ट होती.

पुढे १९८८ साली रोजगार हमीची मजुरी शेतमजुरीच्या किमान वेतनाप्रमाणे जवळपास दुप्पट झाली. आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण त्यानंतर कामावरची हजेरी चांगलीच घटली. अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की लोकांची गरज संपली नव्हती. मजुरी वाढली त्या प्रमाणात कामं निघत नव्हती, काम मागूनही पूर्वीइतकं सहज मिळत नव्हतं. वाढीव मजुरीचा भार उचलायला तिजोरी तितकी पुढे आली नाही, आणि त्याची किंमत काम न मिळालेल्यांनी मोजली.

हे उदाहरण दाखवून काही जण म्हणतात, पाहा, मजुरी वाढवली की काम जातं. मला त्यातून वेगळंच दिसतं. दर्जा वाढवण्याचा निर्णय अर्धाच घेतला, कागदावर दर वाढवला आणि पैशाची सोय केली नाही, की संख्या घटणारच. दोष चांगल्या मजुरीचा नाही, अर्धवट निर्णयाचा आहे.

महाराष्ट्राच्या अनुभवावरून पुढे २००५ साली देशभराचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांचा. त्यात समान मजुरी होती, सावली, पाणी, प्रथमोपचार, लहान मुलांना सांभाळण्याची सोय आणि १५ दिवसांत पैसे, हेही होतं. देशभरात या कामांवर निम्म्याहून जास्त हजेरी बायांची राहिली, ती काही उगाच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात दिवस १०० चे १२५ झाले. दिवस वाढले, छान झालं. पण आपण विचारायचं ते असं की पैसे वेळेवर मिळतील ना? पाळणा बांधायला झाडाची तरी सावली असेल ना?

आकडा वाढला, हातात काय आलं?

आता आजचं बोलू. केंद्र सरकारची श्रमशक्ती पाहणी दर वर्षी होते. १५ वर्षांवरच्या बायांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ साली होत्या २३.३ टक्के. २०२३-२४ मध्ये त्या झाल्या ४१.७ टक्के. सहा वर्षांत केवढी मोठी उडी! भाषणात टाळ्या घ्यायला हा आकडा पुरेसा आहे.

पण त्याच पाहणीचं पुढचं पान उलटा. काम करणाऱ्या बायांपैकी ६७.४ टक्के ‘स्वयंरोजगारात’ आहेत. शब्द मोठा गोड आहे, कोणाला वाटेल दुकानं थाटली असतील. पण सगळ्या काम करणाऱ्या बायांपैकी तिघींमागे एकीहून जास्त बाई घरच्या शेतात, घरच्या धंद्यात बिनपैशाची मदतनीस आहे. नवऱ्याच्या किराणा दुकानात दुपारी गल्ल्यावर बसणारी, घरच्या वावरात सोयाबीन सोंगणारी, म्हशीचं शेणपाणी करणारी. तिची नोंद कामकरी म्हणून झाली, हे चांगलंच झालं. इतकी वर्षं तिचं काम दिसतच नव्हतं. पण तिच्या हातात एक रुपया आला नाही. महिन्याचा पगार मिळणाऱ्या बाया शंभरात सोळाच्या आसपास.

म्हणून सांगते, नुसती संख्या पाहिली तर आपण फार पुढे गेलो. दर्जा पाहिला तर वाट अजून बरीच बाकी आहे.

‘मानधन’ नावाची गंमत

सरकार स्वतःच बायांना जे काम देतं त्याचंही पाहा. अंगणवाडीची योजना १९७५ पासूनची, आशा कार्यकर्त्या २००५ पासूनच्या. दोन्ही मिळून देशभरात लाखो बाया. त्यांनी लेकरांना खाऊपिऊ घातलं, बाळंतिणींना दवाखान्यात नेलं, करोनात दारोदार फिरून ताप मोजले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशांचा गौरव केला. ऊर भरून आला. पण त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते ‘मानधन’, आणि आशाताईला कामागणिक ‘मोबदला’. पगार म्हटलं की निवृत्तिवेतन आलं, रजा आल्या, हक्क आले. मानधन म्हटलं की फक्त मान!

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. आणि डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभरातल्या अंगणवाडी ताई संपावर होत्या, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की या बाया घरी बसल्या तर किती गोष्टी अडतात. ज्या कामावाचून गावाचं चालत नाही ते काम सेवाभावाच्या नावाखाली स्वस्तात करून घ्यायचं, यात भार कोणी उचलला हे वेगळं सांगायला नको.

चांगलं काम दिलं तर काम जातं का?

मालकमंडळींचा एक ठरलेला मुद्दा असतो. ‘‘पगार वाढवला तर माणसं कमी करावी लागतील.’’ ही भीती नेहमीच खरी ठरत नाही. १९९२ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन वाढवलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने वाढवलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खाणावळी तपासल्या. जिथे वेतन वाढलं तिथे नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. अशा अभ्यासांसाठी कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपली परिस्थिती अमेरिकेची नाही हे मान्य. पण ‘वेतन वाढलं की नोकरी गेलीच’ हा काही निसर्गनियम नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

आपल्यासारख्या गरीब देशाचंच उदाहरण हवं तर बांगलादेशाचं घ्या. कपडे शिवण्याच्या धंद्याने तिथे लाखो बायांना पहिल्यांदा घराबाहेरचं काम दिलं. मुलींची लग्नं लांबली, हातात पैसा आला. संख्येचा हा फायदा खराच. पण २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त जीव गेले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. एवढं झाल्यावर जगभरातल्या खरेदीदारांवर दबाव आला, कारखान्यांच्या इमारती तपासल्या गेल्या, किमान वेतन महिना ३,००० टक्यांवरून ५,३०० वर गेलं. धंदा बुडाला का? नाही. पुढची कित्येक वर्षं बांगलादेशाची कपड्यांची निर्यात वाढतच राहिली. मग ही सुरक्षितता आधी का परवडत नव्हती?

आणि घरचं उदाहरण तर आपल्या रोजच्या ताटातलं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. आज ४५ हजारांच्या घरात बहिणी त्यात आहेत. काम साधंच, पोळपाट-लाटण्याचं. पण लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण, नफ्यात तिचा वाटा. कामाची प्रत बिघडू दिली नाही, म्हणून ग्राहक टिकला. ग्राहक टिकला, म्हणून सातांच्या हजारो झाल्या. दर्जाने संख्या आणली.

पैसा फिरतो कुठे?

आता मूळ प्रश्न, अर्थव्यवस्थेचा. गावातल्या बाईला वेळेवर बरा पगार मिळाला तर ती तो स्वित्झर्लंडला नेऊन ठेवत नाही. किराणावाल्याची उधारी फेडते, मुलीची शाळेची फी भरते, दिवाळीला गावातल्याच दुकानातून साडी घेते, शिंप्याकडे ब्लाउज टाकते. तिचा पगार दहा हातांतून फिरतो. चांगल्या कामावर बाई टिकते, हात बसतो, नवीन शिकते, काम सुधारतं. मालकालाही दर दोन महिन्यांनी नवी बाई शोधावी लागत नाही.

वाईट कामाचं उलटं होतं. मजुरी उशिरा आली की बाई हप्त्यावर कर्ज काढते, एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून घेते. पाठ धरते, कंबर जाते, कमावलेलं दवाखान्यात जातं. धाकट्याला सांभाळायला थोरलीला शाळेतून घरी बसवलं जातं. म्हणजे आजच्या एका वाईट कामाने उद्याची एक शिकलेली कामकरी बाई खाल्ली. हा तोटा कोणत्याच पाहणीत त्या कामाच्या नावावर लिहिला जात नाही, पण देश तो सोसतोच.

म्हणून माझं मत विचाराल तर असं. दुष्काळ, महापूर, करोना अशा वेळी आधी संख्या. तेव्हा प्रत्येक हाताला काम मिळालं पाहिजे, मग ते कसंही असो. पण संकटातला हा नियम आपण रोजचा नियम करून टाकला आहे. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे वाक्य बाईला आयुष्यभर ऐकवलं जातं. आणि संख्या की दर्जा असा पेच जेव्हा घातला जातो, तेव्हा एक प्रश्न पुढे करायचा. खर्च कोण उचलणार? ग्राहक, मालक, सरकार यांनी वाटून घेतला तर दोन्ही साधतं. सगळ्यांनी हात झटकले तर तो बाईच्या अंगावर पडतो, आणि मग संख्याही फसवी ठरते.

आपल्या हातात काय?

मैत्रिणींनो, सरकार काय करील ते करो, काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. मुलगी किंवा सून कामाला लागताना नुसता ‘पगार किती?’ हा प्रश्न पुरेसा नाही. आणखी पाच प्रश्न विचारा. तास किती? पैसे कितव्या तारखेला? लेखी पत्र देणार का? भविष्यनिर्वाह निधी कापणार का? बायांसाठी स्वच्छतागृह आहे का? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्राची तरतूद आहे. ते मागायला लाजायचं कारण नाही. एकटीला बोलायला धीर होत नसेल तर चौघींनी मिळून विचारा.

कुठे मोठा प्रकल्प येतो आहे, आपल्या गावाला इतके रोजगार मिळणार आहेत, असं कोणी ग्रामसभेत सांगितलं तर टाळ्या जरूर वाजवा. टाळ्या थांबल्या की उभं राहून विचारा, त्यातले कायम किती, ठेकेदारामार्फत किती, आणि बायांना किती.

आणि शेवटचं, जरा जवळचं. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी धुणंभांडं करायला बाई येते. तिच्यापुरत्या आपणच मालक आहोत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला, पण तिची रजा, तिचा बोनस, तिच्या आजारपणातले पैसे हे सगळं आजही आपल्या स्वयंपाकघराच्या दारातच ठरतं. महिन्याच्या चार सुट्ट्या पगार न कापता द्यायच्या, एक तारखेला पैसे द्यायचे, दिवाळीला जुनी साडी न देता एक जादा पगार द्यायचा. एवढं केलं तरी गावातलं एक काम सुधारलं. तिची नोंद आधीच झालेली आहे, त्यामुळे रोजगाराचा आकडा याने एकानेही वाढणार नाही. तिच्या घरातला किराणा मात्र वाढेल, आणि तिची मुलगी शाळेत टिकेल.